‘शंभराचा माल पंच्याऐंशीला, वर बारा टक्के व्याज’: हा हिशोब कुठे चुकतो

लातूर, नांदेडकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरणाऱ्या मेसेजचा मथितार्थ असा: अमेरिकेतले क्लोज-एंडेड फंड शंभराचा माल पंच्याऐंशीला देतात, वर बारा टक्के व्याज मिळतं, हवं तेव्हा विकता येतात, एफडी मोडा आणि हे घ्या. यातला एकही दावा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो पटतो.

‘पंच्याऐंशीला मिळतो.’ क्लोज-एंडेड फंड स्वतःचे शेअर परत घेत नाही, तुम्हाला ते बाजारातच विकावे लागतात. त्यामुळे एनएव्ही, म्हणजे एका शेअरमागे असलेल्या मालमत्तेची निव्वळ किंमत, 20 डॉलर आणि बाजारातला भाव 17, म्हणजे 15 टक्के डिस्काउंट, असं होऊ शकतं. पण ही दरी भरून निघेलच असं कुठेही लिहिलेलं नाही. आडतीत 12 टक्क्यांवर ओलावा असलेल्या सोयाबीनला भाव कमी लागतो, त्याला कोणी स्वस्त माल म्हणत नाही. इथला ओलावा म्हणजे जास्त खर्च, सुमार कामगिरी, विकायला अवघड मालमत्ता. आपल्याकडे 1994 साली आलेला मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंड वर्षानुवर्षं एनएव्हीच्या खालीच विकला जात होता. म्हणून आजचा डिस्काउंट त्याच फंडाच्या तीन-पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघा. सरासरी डिस्काउंट 14 टक्के असलेला फंड 15 टक्के डिस्काउंटला मिळाला तर त्यात स्वस्त काही नाही. सरासरी 6 टक्के असताना 12 टक्के दिसत असेल, तर कारण शोधण्यासारखं आहे. फंडाला ठरलेली मुदत आहे का, तो ओपन-एंडेड, म्हणजे एनएव्हीच्या भावाने शेअर परत घेणारा, होणार आहे का, हेही पाहा. दरी भरण्याची ठोस कारणं हीच.

‘बारा टक्के व्याज.’ सगळ्यात मोठी दिशाभूल इथे आहे. हे व्याज नाही, वाटप आहे, आणि ते तुमच्याच भांडवलातूनही होऊ शकतं. वरचाच फंड घ्या. वर्षाला 2 डॉलर वाटप, 17 च्या भावावर 11.8 टक्के. समजा फंडाची खरी कमाई एनएव्हीवर 6 टक्के, म्हणजे 1.20 डॉलर. उरलेले 80 सेंट मुद्दलातून गेले, एनएव्ही 19.20 झाली. हेच चालू राहिलं तर पाच वर्षांनी एनएव्ही साधारण 15.50 वर येते. डिस्काउंट तोच राहिला तर भाव 13.20 च्या आसपास, आणि त्यावर वाटपाचा दर दिसतो 15 टक्के! फंड झिजतोय आणि आकडा फुगतोय. सगळं धरून तुमचा परतावा वर्षाला 8 टक्क्यांच्या आत, तोही कराआधी. 6 चे जवळपास 8 डिस्काउंटमुळेच झाले, हे मान्य करू. पण 12 नाही झाले.

वाटप निव्वळ उत्पन्नाबाहेरून होत असेल तर फंडाला स्रोत सांगणारी नोटीस द्यावी लागते. त्यातला ‘रिटर्न ऑफ कॅपिटल’चा, म्हणजे भांडवल म्हणून परत दिलेल्या रकमेचा, आकडा पाहा. तो असला म्हणजे फंड वाईटच, असंही नाही. न विकलेल्या शेअरवरच्या नफ्यातूनही वाटप होतं. निर्णायक आकडा एनएव्हीवरच्या एकूण परताव्याचा. तो वाटपाच्या दरापेक्षा सतत कमी असेल तर पुढे जाऊ नका.

मेसेजमध्ये कर्जाचा उल्लेखच नाही. असे बरेच फंड उसने पैसे वापरतात. मालमत्ता 100, कर्ज 33, तर तुमचे 67. मालमत्ता 20 टक्के पडली की तुमचे उरतात 47, म्हणजे 30 टक्के तोटा. दोन फंडांची तुलना करताना कर्जाचं प्रमाण सारखं आहे का, हे आधी बघा. खर्चाचं प्रमाणही फंडाच्या कर्जावरचं व्याज धरून आणि सोडून, दोन्ही तऱ्हेने तपासा.

‘हवं तेव्हा विका.’ विकता येतं, पण अनेक फंडांत उलाढाल तुरळक असते. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली तर भाव घसरतो, किमान भाव ठरवून लिमिट ऑर्डरच टाका. अमेरिकी बाजार आपल्या वेळेने उन्हाळ्यात सायंकाळी 7 ला, हिवाळ्यात 8 ला उघडतो.

एफडीशी तुलना तर निरर्थकच. बँकेत 5 लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो. इथे विमा नाही, वर डॉलरच्या भावाची जोखीम. लाभांशातून अमेरिकेत 25 टक्के कर आधीच कापला जातो. त्याचं क्रेडिट इथे मागता येतं, पण विवरणपत्रात परदेशी मालमत्ता न चुकता दाखवावी लागते.