लॉजचं गुपित सोडा, वह्या शोधा

मराठी व्हॉट्सॲप गटांवर अधूनमधून एक यादी फिरते. अमुक समाजसुधारक फ्रीमेसन होते, तमुक पुढारी फ्रीमेसन होते. फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) म्हणजे दीक्षा आणि शपथ घेऊन सभासद होण्याच्या एका बंधुसंघटनेतले लोक, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. मग दोन तट पडतात: एकाला त्यात इंग्रजांचं कारस्थान दिसतं, दुसऱ्याला पुरोगामीपणाचा दाखला. नावापुढे लॉज कोणता आणि दीक्षा कोणत्या तारखेची, हे मात्र कुणी लिहीत नाही. इंग्लंडमध्ये गावच्या लॉजचा इतिहास लिहायला बसलेला निवृत्त सभासद आधी हेच दोन रकाने भरतो. ते रिकामे राहिले तर नाव खोडतो.

त्याला हे जमतं याचं श्रेय त्याच्या मोकळ्या मनाला द्यायचं कारण नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर बिथरलेल्या सरकारने 1799 साली शपथबद्ध गुप्त संघटनांवर बंदी आणली. मेसन लॉजना सूट मिळाली ती एका अटीवर: सभासदांची नावं, पत्ते आणि व्यवसाय दरवर्षी परगण्याच्या न्यायदप्तरात द्यायचे. तो कायदा रद्द झाला थेट 1967 साली, त्यामुळे या याद्या आज जिल्हा अभिलेखागारांत कुणालाही पाहता येतात. दुसरी चळत लंडनच्या ग्रँड लॉजची, म्हणजे लॉजांना सनद देणाऱ्या मध्यवर्ती संस्थेची, स्वतःची. 1751 ते 1921 ची सभासद नोंदणीपुस्तकं आता ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर, शुल्क भरून, घरबसल्या चाळता येतात. नाव, वय, धंदा, मेसनांच्या तीन पायऱ्यांच्या पदव्या मिळाल्याच्या तारखा, आणि शेवटच्या रकान्यात राजीनामा, मृत्यू किंवा वर्गणी थकल्यामुळे नाव कमी. परदेशातले लॉजही त्यात आहेत.

मुंबईचं नाव शोधणारे इथेच फसतात. पश्चिम भारतात हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांसाठी उघडलेला पहिला महत्त्वाचा लॉज म्हणजे 1843 चा 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया'. माणेकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ, पुढे स्मॉल कॉज कोर्टाचे न्यायाधीश आणि मुलींच्या शिक्षणाचे कैवारी. मुंबईतल्या गोऱ्यांच्या 'पर्सिव्हरन्स' लॉजने त्यांना दार उघडलं नाही, म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. परत आल्यावरही अडचण तीच. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स यांनी हा नवा लॉज काढून दिला. पण बर्न्स पश्चिम भारताचे प्रांतिक प्रमुख होते ते स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे, त्यामुळे सनद स्कॉटिश आणि क्रमांक 342 हा स्कॉटिश यादीतला. वरिष्ठ दप्तर एडिंबरोला. लंडनच्या पुस्तकांत हे नाव सापडलं नाही म्हणून 'ते मेसन नव्हतेच' असा निकाल देणारे चुकीच्या कचेरीत चौकशी करत असतात. त्या काळात मुंबईतले कित्येक इंग्लिश सनदेचे मेसनही बर्न्स यांच्या स्कॉटिश लॉजांत गेले. 1961 साली भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज स्थापन झाली तेव्हा काही लॉज तिच्याकडे आले, काही जुन्याच सनदेखाली राहिले. तेव्हा आधी सनद कुणाची ते ठरवावं, मगच वही उघडावी.

क्रमांकही दगा देतात. इंग्लिश लॉजांचे क्रमांक अनेकदा बदलले. शेवटची फेरमांडणी 1863 ची. ऑक्सफर्डचा 'अपोलो युनिव्हर्सिटी' लॉज आधी 711, 1832 नंतर 460 आणि 1863 पासून 357. दुसऱ्या लॉजच्या पाहुण्याने हजेरीवहीत सहीपुढे नुसता '460' लिहिला असेल तर तो आजच्या यादीत शोधणं फुकट आहे. इंग्लिश लॉजांसाठी जॉन लेन यांची सूची ऑनलाइन आहे. प्रत्येक लॉजचे सगळे क्रमांक आणि सभेच्या जागा तीत मिळतात. स्कॉटिश लॉजांना तिचा उपयोग नाही. सालातही एक मेख असते: मेसनी कागदांवर इसवी सनात 4000 मिळवतात, म्हणून 5843 म्हणजे 1843.

आता खरा मुद्दा. परदेशी दप्तरात आत घेतलेले लोक सापडतात, दाराबाहेर ठेवलेले नाही. इंग्लिश नियमानुसार गुप्त मतदानात तीन काळे गोळे, म्हणजे नकाराची मतं, पडले की अर्ज बाद. उपनियमांनी ही संख्या कमीही ठेवता येते. बाद झालेल्याचं नाव सभासदपुस्तकात जाणारच नाही. ते मिळालंच तर लॉजच्या स्वतःच्या इतिवृत्तात, एखाद्या ओळीत. कलकत्त्याला प्रसन्नकुमार दत्त यांना हिंदू म्हणून 1863 पासून 1872 पर्यंत ताटकळावं लागलं. ते हटून बसले आणि पत्रव्यवहार वरपर्यंत गेला, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. जे गुपचूप घरी गेले त्यांचं काय? लॉज उदार होते की वर्णद्वेषी, या आपल्या लाडक्या वादाचा पुरावा लंडनला नाही. तो मुंबई-पुण्याच्या कपाटांत आहे, वाळवीने ठेवला असेल तर.

इतिवृत्तात विधी लिहीत नाहीत, त्यामुळे गुपिताच्या आशेने वाचणाऱ्याची निराशा ठरलेली. हजर कोण, अर्ज कुणाचा, सूचक कोण, मतदान, देणगी, समाप्ती. मुंबईच्या इंग्रजी पत्रांत सभांचे वृत्तान्त नावांसकट छापून यायचे, असली ही गुप्त मंडळी! इतिवृत्ताहून कामाची वही टायलरची, म्हणजे दाराबाहेरच्या पहारेकऱ्याची. हजेरीच्या सह्या त्यात असतात. कोण कुणाकडे पाहुणा म्हणून जात होता, गोरा मेसन हिंदी लॉजमध्ये येत होता की नाही, हे तिथे दिसतं.

इंग्लंडमधले लॉज या वह्या जपतात त्याला स्वार्थही आहे. शताब्दीची सनद हवी तर शंभर वर्षं अखंड काम चालल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि मधली वही हरवली की पंचाईत होते. आपल्याकडे अशी गरज कुणालाच नाही. धर्मादाय आयुक्तांकडचे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलांच्या नोंदी, विश्वस्तांपुरते. सामान्य सभासद त्यात नसतो. म्हणून इंग्लंडचा नमुना उचलायचा तर तो वहीपुरताच उचलावा. सक्तीच्या जाहीर नोंदींबद्दल तिथेही एकमत नाही: 1998 पासून न्यायाधीशांना मेसन सभासदत्व जाहीर करायला सांगत होते, 2009 साली सरकारने ते मागे घेतलं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसांच्या बाबतीत ही अडचण नाही.

कुणाच्या ओळखीने जुनी वही हाती लागलीच तर बांधणी उसवायची नाही, सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच. पानं क्रमाने, कोरी पानंही धरून, फोटो काढावेत. मधे खोचलेल्या चिठ्ठ्या जागेवरच ठेवाव्यात. राजीनामे बहुधा तिथेच असतात आणि चिठ्ठी कुठल्या सभेची हे पानावरूनच कळतं. मग तक्ता: तारीख, नाव, धंदा, सूचक, निकाल. निकालात 'नाकारला', 'अर्ज मागे घेतला' आणि 'तहकूब' हे तीन वेगळे ठेवावेत. काळे गोळे पडणार अशी कुणकुण लागली की सूचकच अर्ज मागे घेतो, आणि नुसते नकार मोजले तर लॉज होता त्याहून उदार दिसतो.