पाच-सहा डझनांची जून महिन्यातली पेटी

हापूसच्या हंगामात देवगडच्या आमच्या घरात दोन प्रकारची उष्णता असते, एक अढीतली आणि दुसरी एक्सेलमधल्या हिशेबाची. काकांच्या वहीत पेटीच्या मापापुढे '५/६' असे लिहिलेले असते, म्हणजे पाच ते सहा डझन. मी चौकटीत तेच टंकतो आणि एंटर दाबताच तिथे '५ जून' अवतरतो. पडद्याकडे बघून काका म्हणाले, "रे मेल्या, पाच जूनाक झाडावर आंबो खंय रवता?" आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकले की आकडा आहे तसा राहतो, पण ते चिन्ह चौकटीत दिसत नाही. आमची इभ्रत अशी अदृश्य चिन्हावर टिकून आहे.

जे चिन्ह दिसायला हवे, त्याच्या मात्र मिनतवाऱ्या कराव्या लागतात. रुपयाचे ₹ हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले, पण आमच्या लॅपटॉपच्या कळफलकाला त्याची वार्ता अद्याप पोचलेली नाही. इन्सर्टमधल्या सिम्बॉलच्या खिडकीत ग्रीक, अरबी आणि रेघारेघांच्या गर्दीतून ते शोधून काढावे, तर लॅपटॉपची प्रादेशिक सेटिंग ब्रिटनची असल्याने '₹४५०' हा त्याच्या लेखी मजकूर ठरतो आणि खालची बेरीज थंडपणे शून्य दाखवते. चौकटीत नुसता आकडा टाकून रुपया फॉरमॅटमधून लावायचा, हा खरा मार्ग; तो सर्वांत शेवटी सापडतो, हे ओघाने आलेच. अर्ध्या डझनाच्या ½ साठी ऑल्ट दाबून ०१८९ टंकायचे असते, पण ते उजवीकडच्या आकड्यांच्या कळांवर, आणि त्या कळा आमच्या लॅपटॉपला नाहीतच.

सर्वांत मोठा घोळ घातला तो बरोबरच्या खुणेने. विंगडिंग्ज या फाँटमध्ये डोक्यावर दोन टिंबे असलेला यू लिहिला की तो खुणेसारखा दिसतो, म्हणून पोचलेल्या प्रत्येक पेटीपुढे तो ठेवला आणि फाइल वाशीच्या व्यापाऱ्याला पाठवली. त्याच्या फोनमध्ये तो फाँट नव्हता, त्यामुळे रकानाभर नुसते यू उभे राहिले. त्याने त्याचा अर्थ 'उधार' असा लावून घेतला आणि पैसे पुढच्या महिन्यात देतो, असे प्रसन्नपणे कळवले. आता मी युनिकार सूत्रात १०००३ हा क्रमांक घालून खरीखुरी ✓ उमटवतो, ती त्याच्या फोनवरही स्वच्छ दिसते. उधारी मात्र त्याने तशीच चालू ठेवली आहे.