अमावास्येच्या भूकंपाचा फॉरवर्ड

खानापूरच्या मामींनी परवा रात्री अंथरूण अंगणात घातलं. कारण, घरच्या ग्रुपवर फिरत आलेला मेसेज: 'अमावास्या-पौर्णिमेला चंद्र भूपट्ट ओढतो आणि सरकवतो. किल्लारी पौर्णिमेलाच झाली. येत्या अमावास्येला बेळगाव, खानापूर, निपाणी सावध!'

चंद्र जमीन ओढतो, एवढं खरं. भरती-ओहोटी खडकालाही असते. पायाखालची जमीन दिवसातून दोनदा फूटभरापर्यंत वर-खाली होते. पण घर, विहीर, रस्ता सगळंच एकदम हलतं, म्हणून कळत नाही.

त्याने भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे, सरकतात का? ही कल्पना मेसेजवाल्याची नव्हे. खंड सरकतात असं मांडणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरनेही भरतीच्या ओढीचा आधार घेतला होता. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीजने हिशेब घातला: खंड हलवण्याइतकी ती ओढ असती, तर पृथ्वीचं फिरणंच वर्षभरात थांबलं असतं. प्रत्यक्षात त्या ओढीने फिरणं मंदावून दिवस लांबतो तो शतकाला जेमतेम दोन मिलिसेकंद! पट्ट सरकतात ते मुख्यतः स्वतःच्या वजनाने. समुद्रतळाचा थंड, जड झालेला भाग खाली बुडतो आणि मागचं सगळं ओढून नेतो. चंद्राचाही थोडा हात असावा, असं इटलीचे भूशास्त्रज्ञ दोग्लिओनी वगैरे म्हणतात. बहुतेक भूशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. गणपती बोळवून लोक झोपले होते, पौर्णिमाही होती. कबूल. मग ११ डिसेंबर १९६७ चं कोयना? तेव्हा चंद्र अर्ध्याहून मोठा होता, पण पौर्णिमा नव्हती. नेपाळ २०१५: अर्धा चंद्र. जपान २०११: अर्ध्याहून थोडा लहान. जमतील तेवढ्याच तारखा उचलल्यात.

कावळा बसायला नि फांदी मोडायला एकच गाठ, म्हणतात ते हेच. पण फांदी आधीच मोडायला आलेली असेल, तर कावळ्याचंही वजन धरावं लागतं. भरतीने खडकावर येणारा ताण काही किलोपास्कल (दाब मोजायचं एकक), भूकंपात सुटणारा त्याच्या हजारपटीच्या घरात. तरी २०१६ साली टोकियोच्या सातोशी इदे यांच्या गटाला, तो ताण जास्त असताना मोठे भूकंप होण्याची शक्यता थोडी वाढते, असं दिसलं. त्यातून गाव आणि तारीख मात्र निघत नाही.

आपण पट्टाच्या हलत्या कडेवर नाही, मधोमध आहोत, तेव्हा निर्धास्त राहा, असं मी म्हणणार नाही. किल्लारीही मधोमधच होती.

हे सगळं मामींना फोनवर सांगितलं. म्हणाल्या, "ते खरं रे, पण आत उकडतंय की."