मिरवणूक, पाट्या आणि माँट्रियलचा दाखला

सीमाभागात पाट्यांचा वाद पेटला की आम्हा परदेशस्थांना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: तिकडे फ्रेंच निमूटपणे शिकता, मग इथे कन्नडचीच अडचण का? फलकावरील 60 टक्के मजकूर कन्नडमध्ये हवा, असा कायदा कर्नाटकाने 2024 मध्ये केल्यापासून कॅनडातल्या क्यूबेक या फ्रेंचभाषक प्रांताचा दाखला सर्रास दिला जातो. मी त्याच प्रांतातल्या माँट्रियलला राहतो. यंदा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी बेळगावला आलो, तेव्हा बालपणीच्या एका कन्नडभाषक मित्राने हेच विचारले, आणि त्याला सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

मी फ्रेंच शिकलो आणि ते योग्यच झाले, कारण मी तिथे स्वखुशीने गेलो. शाळेत कन्नडही शिकलो. तिच्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु बेळगाव, खानापूर, निपाणीचा मराठी माणूस कुठून येऊन इथे स्थायिक झालेला नाही. तो आपल्याच घरात होता आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य बदलले. त्याची तुलना माझ्याशी नव्हे, तर क्यूबेकमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या इंग्रजी भाषकांशी करायला हवी. तिथेही पाट्यांवर फ्रेंचला वरचढ स्थान द्यावेच लागते, हे खरे. मात्र त्याच इंग्रजी भाषकांच्या मुलांना इंग्रजी शाळेचा हक्क 1982 पासून कॅनडाच्या राज्यघटनेनेच दिला आहे, आणि जिथे त्यांची वस्ती बहुसंख्य आहे तिथल्या नगरपालिकेला दोन्ही भाषांत कारभार करता येतो. दाखला द्यायचा तर पुरता द्यावा.

माँट्रियलसारख्या फ्रेंच शहरात आयरिश लोकांची सेंट पॅट्रिकची मिरवणूक 1824 पासून निघते आणि तिच्यामुळे फ्रेंचचे काही बिघडल्याचे मी कधी ऐकले नाही.

आपली मिरवणूकही तशीच साऱ्या गावाची आहे. वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती झाली की गल्लोगल्लीची मंडळे चित्ररथ काढतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पुठ्ठ्याचा बुरूज, त्यावर जिजाऊंच्या वेशातली आठ-नऊ वर्षांची मुलगी, नथ सावरत, झोप अनावर झालेली, आणि खालून तिची आई "बस गं नीट, फोटो काढायलेत" म्हणून दटावणारी. रात्र चढत जाते तशी हलगी आणि लेझीम रंगत जातात. मारुती गल्लीतल्या एका ओट्यावर एक कन्नडभाषक आजी प्रत्येक मुलाला ताक देत होत्या. डॉल्बीच्या भिंतींनी मात्र छाती दडपते. त्या आवाजापुढे मर्दानी खेळाकडे कुणाचे लक्ष राहत नाही, आणि हे आपल्याच मंडळांनी थांबवायला हवे.

पाटीवरचे अक्षर लहान की मोठे, यात आपली सगळी शक्ती खर्च होते, हे मला खटकते. ज्या तालुक्यात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक 15 टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे कायदे, नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे 1956 पासून देशाने मान्य केलेले धोरण आहे. घटनेच्या 350 अ कलमात मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची तरतूद आहे. सीमाभागावर हक्क सांगणारा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील 2004 चा दावा केव्हा निकाली निघेल तेव्हा निघो. मराठी शाळेतील शिक्षकाची रिकामी जागा आणि मराठी परिपत्रक यांसाठी कोणत्याही सीमेचा निकाल लागण्याची गरज नाही. माझ्या मित्राला मी एवढेच मागितले, की या मागणीच्या निवेदनावर त्यानेही सही करावी.