एक गाठ सापडली, मग पुन्हा दुर्बीण कशाला?

व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजचा सारांश असा: मोठ्या आतड्याचा कॅन्सर एकाच जागी होतो; दुसरी गाठ दिसली म्हणजे तो पसरला; सीटी स्कॅन आणि सीईए (कॅन्सरसाठीची एक रक्ततपासणी) झाल्यावर पुन्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगणं म्हणजे पैसे उकळणं.

पहिलं विधान सरळ चूक आहे. शंभरातल्या साधारण तीन ते पाच रुग्णांच्या आतड्यात निदानाच्या वेळीच दुसरी स्वतंत्र कॅन्सरची गाठ असते. साधे पॉलिप (अस्तरावर वाढणारे छोटे कोंब) तर याहून कितीतरी जणांत सापडतात. दीड मीटरच्या अस्तराला एकाच ठिकाणी बिघडायचं बंधन नाही!

दुसरं विधान मला सर्वांत घातक वाटतं, कारण ते वाचून माणूस उपचारच सोडतो. पसरलेला कॅन्सर बहुधा यकृतात, फुप्फुसात, पोटाच्या आवरणावर दिसतो. आतड्यातली दुसरी गाठ बहुतेकदा स्वतःच्या वेगळ्या पॉलिपमधून वाढलेली असते. हा फरक पॅथॉलॉजिस्ट 1932 पासून निकष लावून करत आले आहेत. अशा दोन गाठी म्हणजे चौथी स्टेज नव्हे; अनेकदा एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही निघतात. मात्र त्यासाठी दुसरी कुठे आहे हे आधी कळायला हवं. लॅपरोस्कोपीत (छोट्या छिद्रांतून केलेल्या ऑपरेशनमध्ये) सर्जनला आतडं बोटांनी चाचपता येत नाही. म्हणून तर कोलोनोस्कोपीच्या वेळीच गाठीजवळ शाईची खूण करून ठेवतात.

सीटी पुरे? साफ न केलेल्या आतड्यात छोटी, चपटी गाठ साध्या सीटीतून सहज सुटते. सीईए तर गाठ कुठे आहे, किती आहेत, यातलं काहीच सांगत नाही, आणि सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ते अनेकदा नॉर्मलच येतं.

राहिला पैशांचा मुद्दा. गाठीने वाट अडवली असेल तर दुर्बीण पुढे जातच नाही. अशा वेळी आतड्यात हवा भरून सीटी कोलोनोग्राफी करतात, किंवा ऑपरेशननंतर तीन ते सहा महिन्यांत राहिलेलं आतडं तपासतात. म्हणजे ज्या ‘दुसऱ्या’ तपासणीवर हा मेसेज चिडलाय, तीच पुष्कळदा पहिली पूर्ण तपासणी असते. पुढेही साधारण एका वर्षाने कोलोनोस्कोपी होते, मग अंतर वाढत जातं. लिंच सिंड्रोम (या कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) असलेल्यांना मात्र दर एक-दोन वर्षांनी करावीच लागते.

खर्च टोचतो, हे खरंच. आधीची तपासणी पूर्ण झालेली असताना लगेच दुसरी सांगितली, तर कारण जरूर विचारा. त्याआधी जुना रिपोर्ट काढून दोन गोष्टी बघा: दुर्बीण सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत) पोहोचली होती का, आणि आतडं नीट साफ होतं का.