मोबाईलमुळे मूल स्वमग्न होत नाही

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: मोबाईल बघून लहान मुलांना 'व्हर्च्युअल ऑटिझम' (म्हणजे स्क्रीनमुळे येणारी स्वमग्नता) होतो, एमआरआयमध्ये मेंदू पातळ झालेला दिसतो, आणि मोबाईल बंद केला की मूल बरं होतं.

आधी नावाबद्दल. हा शब्द रुमानियातल्या मारिउस झाम्फिर या मानसशास्त्रज्ञाने रूढ केला. डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या निदानाच्या अधिकृत याद्यांत तो नाही. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी स्वमग्न मुलांचं वर्णन केलं १९४३ मध्ये, तेव्हा घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. एके काळी आईच्या 'कोरडेपणा'ला दोष देत. ते चूक ठरेपर्यंत कित्येक आयांनी तो सोसला. आता मोबाईलच्या नावाने तोच दोष पुन्हा आईच्या पदरात टाकला जातोय, याची मला चीड येते.

जपानमधल्या २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी जास्त स्क्रीन बघणाऱ्या मुलग्यांत पुढे स्वमग्नतेचं निदान जास्त आढळलं, हे खरं. पण माणसांपेक्षा हलत्या चित्रांत रमणाऱ्या बाळासमोर स्क्रीन जास्त वेळ राहते, असंही असू शकतं.

एमआरआयचा मुद्दा एबीसीडी या, मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातून आला. ती मुलं ९-१० वर्षांची होती, आणि हा फरक रोज सात तासांहून जास्त स्क्रीन बघणाऱ्यांत दिसला. मेंदूचा बाहेरचा थर वाढत्या वयात पातळ होतच असतो. हे स्क्रीनमुळेच झालं का, ते सांगता येत नाही, असं तिथल्या शास्त्रज्ञांनीच तेव्हा स्पष्ट केलं होतं.

मग मोबाईल निर्धोक आहे? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या २२० कुटुंबांच्या अभ्यासात, तीन वर्षांच्या मुलांच्या स्क्रीनच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांच्या तोंडचे सरासरी सहाहून जास्त शब्द कमी कानी पडत होते. तोटा आहे तो गप्पांचा. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते: दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको, पाचपर्यंत फार तर एक तास.

सर्वांत घातक आहे तो 'बरं होतं' हा दिलासा. घरात बोलणं वाढलं की काही मुलं बोलू लागतातही. पण आपलं मूल त्यांतलंच आहे, हे घरबसल्या ठरवता येत नाही, आणि वाट पाहण्यात मोलाचे महिने जातात. वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, तर मोबाईल बाजूला ठेवाच, पण त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते; तिथल्या डॉक्टरांना हे सगळं सांगा.