विदर्भाचे ऊन सोसले, म्हणून वाळूचे वादळ सोसेलच असे नाही

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतून आखाती देशांत कामाला जाणाऱ्या मुलांना एजंट एक वाक्य हमखास ऐकवतात : ‘तिथे त्रास म्हटला तर फक्त उन्हाचा, आणि उन्हात तर तुम्ही वाढलेलेच आहात.’ मी कुवेतमध्ये बांधकामाच्या साइटवर नोकरी करतो. सध्या सुट्टीत गावी आलो असताना हेच वाक्य मुलांच्या तोंडूनही ऐकू येते आहे. ‘भाऊ, आपल्याले काय होते?’ असे ती हसत विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

उन्हापुरते ते वाक्य अर्धे खरे आहे. कुवेतमधील मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि आपल्या चंद्रपूरचा उन्हाळा त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. तरीही उन्हाशी शरीर हळूहळू जुळवून घेते. पाणी, मीठ आणि सावली वेळेवर मिळाली, तर एकदोन आठवड्यांत नवा माणूस बऱ्यापैकी रुळतो. तिथल्या धुळीच्या वादळांचे तसे नाही. शरीर जास्त घाम गाळायला शिकते, पण फुप्फुसे जास्त धूळ गाळायला शिकत नाहीत. तिथे वर्षानुवर्षे राहिलेला माणूसही वादळाच्या दिवशी नवख्याइतकाच खोकतो.

आपण त्याला वाळूचे वादळ म्हणतो, परंतु खरी वाळू जड असल्यामुळे तिचे कण जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात आणि पोटऱ्यांवर सपासप बसतात. आकाश झाकून टाकते ती त्याहून कितीतरी बारीक धूळ. कुवेतमध्ये तिला ‘तूज’ म्हणतात. ‘शमाल’ नावाचा वायव्येचा वारा टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या खोऱ्यावरून ती घेऊन येतो. दुष्काळ, वरच्या अंगाला बांधलेली धरणे आणि आटलेली पाणथळ जमीन यांमुळे इराकमधला मोठा प्रदेश उघडा पडला आहे, त्यामुळे वाऱ्याला धुळीची कमतरता पडत नाही. मळणीयंत्राच्या भुशाची ज्यांना सवय आहे, त्यांना वाटते की हेही तसेच असेल. काम संपले, आंघोळ केली की मोकळे. पण भुसा जाडसर असतो आणि यंत्र थांबले की खाली बसतो. ही धूळ वारा पडल्यावरही तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, हवेत तरंगत राहते. खिडक्या बंद करून झोपलेल्या माणसाच्या उशीवर सकाळी डोक्याच्या आकाराचा तेवढा पांढरा ठसा उरतो, बाकी अभ्रा तांबूस झालेला असतो. झाकण लावलेल्या डब्यातली पोळीसुद्धा दाताखाली कचकचते.

आपल्याकडचे उपाय तिथे निरुपयोगी ठरतात, हे कोणी सांगत नाही. तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा ऊन अडवतो, पण दहा मायक्रॉनहून बारीक कण त्याच्या विणीतून आरपार जातात. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्कच हवा. आपला कूलर तर बाहेरचीच हवा आत ओढतो, म्हणून अशा वेळी त्याचा मोह नको. दाराच्या फटीत ओले फडके कोंबावे, खोली झाडू नये, ओल्या कपड्याने पुसून घ्यावी, आणि डोळे न चोळता पाण्याने धुवावेत. (मातीचा वास आला म्हणून पावसाची वाट पाहण्याची आपली खोड मात्र लवकर सुटत नाही.)

माझा खरा आक्षेप नियमांवर आहे. कुवेतमध्ये 1 जून ते 31 ऑगस्ट या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करण्यास बंदी आहे, आणि हा नियम चांगलाच आहे. पण तो उन्हाचे घड्याळ पाहून केलेला आहे. धूळ घड्याळ पाहत नाही आणि कॅलेंडरही पाहत नाही. 2022 च्या मे महिन्यात एकामागून एक वादळे आली, कुवेतच्या विमानतळावरील उड्डाणे थांबवावी लागली आणि शेजारच्या इराकमध्ये हजारो लोक श्वासाच्या त्रासाने रुग्णालयांत गेले. तो महिना या बंदीत बसतच नाही. विमान थांबवण्याइतकी वाईट हवा मजुराने ओढावी की नाही, याचा निर्णय तेव्हा बहुधा साइटवरच्या माणसाच्या मर्जीवर राहतो. मी ज्या कंपनीत आधी होतो, तिथे मास्क मागितला की कापडी पट्टी हातात पडायची, आणि काम थांबवल्यास तेवढ्या तासांची मजुरी कापली जायची.

जाऊ नका, असे मी कोणालाही म्हणणार नाही; दोन एकर कोरडवाहू कपाशीवर घर चालत नाही, हे मलाही कळते. मात्र ज्याला लहानपणी बाळदमा होता, किंवा जिनिंगमध्ये काम करताना ज्याची छाती भरून येते, त्याने आधी छातीच्या डॉक्टरकडून श्वासाची तपासणी करून घ्यावी. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीतला एक्स-रे मुख्यतः क्षयरोग शोधण्यासाठी असतो, दमा त्यात दिसेलच असे नाही. इनहेलर लागत असेल, तर तो डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत न्यावा. आणि पासपोर्ट एजंटच्या हाती देण्यापूर्वी त्याला सरळ विचारावे की काम उघड्यावर आहे की आत, मास्क कोणता मिळणार, आणि वादळामुळे काम बंद राहिले, तर त्या दिवसाचा पगार मिळणार की नाही. उत्तर तोंडी नको, करारात लिहून घ्यावे.